तंबोऱ्यात गंधाराची तार नसते

गेल्या जानेवारीत सांगलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात विश्वाच्या उत्पत्तीवर व्याख्यान झालं. वक्ते तयारीचे होते, सभागृह भरलं होतं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा बारावीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, पोकळीत आभासी कण सतत जन्मतात आणि नाहीसे होतात असं तुम्ही म्हणालात. ते खरे असतात, की ते नुसतं गणित आहे?" वक्ते म्हणाले, "शंभर टक्के खरे. त्यांचा दाब प्रयोगशाळेत मोजलाय." मागच्या रांगेतून एक निवृत्त अभियंते उठले. "मोजलाय तो धातूच्या दोन पृष्ठभागांमधला दाब. जे दिसत नाही, पकडता येत नाही ते मानायचं, तर मग भुताखेतांनी काय घोडं मारलंय?" तिसऱ्या एका गृहस्थांनी शून्यातून सृष्टी हे आपल्याकडे फार आधी सांगून ठेवलं आहे, असं ऐकवलं. पुढचा पाऊण तास तिघांचा वाद रंगला. ती मुलगी खाली बसली आणि तिच्या प्रश्नाकडे पुन्हा कुणी वळलं नाही.

हा वाद नंतरही थांबला नाही. सकाळी घाटावर फिरायला येणाऱ्यांत, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी तो ऐकला. लोक अशा विषयावर भांडतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या रीतीने भांडतात, तिचं वाईट वाटतं. प्रश्न 'तुमचा विज्ञानावर विश्वास आहे की नाही' असा होऊन बसलाय. एका बाजूला आभासी कण म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वाळू, दुसऱ्या बाजूला ते म्हणजे शास्त्रज्ञांची थाप. मी तीस वर्षं पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवलं आहे आणि माझं मत स्पष्ट आहे. आभासी कण ही वस्तू नाही. ते आकडेमोडीतलं एक पद आहे. निर्वात मात्र रिकामं नाही, आणि त्याचं रिकामं नसणं मोजून सिद्ध झालेलं आहे. तिसरी गोष्ट म्हणजे निर्वाताची एकूण ऊर्जा. तिचा आकडा आज जगात कुणाकडेच नाही. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सांगलीत आणि सांगलीबाहेरही ते एका मोटेत बांधून भांडण चाललंय, म्हणून ते सुटत नाही.

आधी ते प्रसिद्ध चित्र. निसर्ग म्हणे ऊर्जा उसनी देतो. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार अगदी थोड्या क्षणांसाठी पोकळीतून कणांची जोडी उसनवारीवर निघते आणि सावकाराच्या लक्षात येण्याआधी परत जमा होते. चित्र मोहक आहे. मीही कित्येक वर्षं ते फळ्यावर काढलं. पण ते तपासून पाहिलं तर एकेक खांब निखळतो. ज्या सिद्धांतातून हे कण आले, त्यात प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा आणि संवेग यांचा हिशेब चोख जुळतो. तिथे उसनवारी कुठेच नाही. आभासी कणाच्या बाबतीत मोडतो तो दुसराच नियम: ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांच्यातलं जे नातं प्रत्येक खऱ्या कणाला पाळावं लागतं, ते त्याला लागू राहत नाही. दुसरं असं की भौतिकशास्त्रात निर्वात म्हणजे सर्व क्षेत्रांची (विद्युतचुंबकीय क्षेत्रासारख्या, सगळीकडे पसरलेल्या) मिळून सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, आणि ही अवस्था काळानुसार बदलत नाही. आज जशी, उद्या तशीच. जी अवस्था क्षणाक्षणाला तीच राहते, तिच्यात कण जन्मले आणि मेले म्हणजे नेमकं कधी काय घडलं? अनिश्चिततेचं तत्त्व मोजणीतून मिळणाऱ्या किमतींच्या पसाऱ्याबद्दल बोलतं. कर्ज किती आणि किती मुदतीचं, असा करार त्यात लिहिलेला नाही. हॉकिंगनी कृष्णविवरांतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचा शोध १९७४ मध्ये मांडला. त्याच्या सविस्तर शोधनिबंधात त्यांनी कणांच्या जोडीचं चित्र दिलं आणि ते शब्दशः घेऊ नये असंही तिथेच बजावलं. १९८८ च्या त्यांच्या लोकप्रिय पुस्तकातून ते चित्र घराघरांत गेलं, बजावणी मागे राहिली.

मग हे कण आले कुठून? विद्युतक्षेत्र आणि इलेक्ट्रॉन यांचं नातं गणिताने सोडवायला गेलं की समीकरण एका फटक्यात सुटत नाही. म्हणून उत्तर टप्प्याटप्प्याने काढतात: पहिलं मोठं पद, मग त्यात छोटी दुरुस्ती, मग आणखी छोटी. रिचर्ड फाइनमन यांनी १९४८-४९ मध्ये ही पदं मांडण्याची एक अप्रतिम रीत शोधली. प्रत्येक पदाची एक आकृती. बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रेषा म्हणजे प्रयोगात सापडणारे कण, आणि आतल्या आत सुरू होऊन आतच संपणाऱ्या रेषा म्हणजे आभासी कण. आकृती पाहिली की वाटतं, हा घडलेल्या प्रसंगाचा नकाशाच आहे. पण तिथे कुठलीही एक आकृती घडत नसते. सगळ्या आकृत्यांच्या किमती मिळवल्या की उत्तर येतं. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणाचं गणित पाचव्या पायरीपर्यंत नेलं, तेव्हा त्या एका पायरीवरच १२,६७२ आकृत्या निघाल्या. त्यातली नेमकी कुठली घडली, हा प्रश्नच गैरलागू आहे.

आपण सगळे शाळेत बेरीज करताना म्हणायचो, सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तो हातचा घेतला नाही तर बेरीज चुकते, मार्क जातात, दुकानाचा हिशेब बुडतो. म्हणून काय हातचा एक कुणाच्या खिशात असतो? मार्केट यार्डातल्या अडत्याने पट्टी करताना घेतलेला हातचा हळदीच्या पोत्यात शोधायला कुणी जात नाही. तीच बेरीज उलट्या क्रमाने केली, दोन-दोन रकमांचे गट पाडले, तर हातचे बदलतात, कधी उरतही नाहीत. एकूण मात्र तेच. मला सुचलेली आभासी कणांची सर्वांत जवळची उपमा हीच आहे.

हे मी नुसतं उपमेच्या बळावर म्हणत नाही. रीत बदलली की हे कण खरोखरच बदलतात. एका रीतीने गणित मांडलं तर दोन विद्युतभारांमधलं कुलोंबचं बल आभासी फोटॉनांच्या देवाणघेवाणीतून येतं. त्यात असेही फोटॉन लागतात, जे कुठल्याही दिव्यातून कधीच बाहेर पडू शकत नाहीत. दुसऱ्या रीतीने मांडलं तर तेच बल सरळ समीकरणात लिहिलेलं असतं, त्यासाठी एकही फोटॉन धावत नाही. दोन्हींची उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत सारखी. अणुकेंद्रातल्या बलांच्या सिद्धांतात तर १९६७ पासून काही रीतींमध्ये अशा रेषा घ्याव्या लागतात, ज्यांना भौतिकशास्त्रज्ञ स्वतःच 'भुतं' म्हणतात, आणि दुसरी रीत निवडली की ती भुतं नाहीशी होतात. अभियंत्यांना हे नाव ऐकून बरं वाटेल. फाइनमनबरोबरच १९६५ चं नोबेल मिळालेल्या श्विंगर आणि तोमोनागा यांनी तर आकृत्या न काढताच उत्तरं मिळवली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच आहे हे फ्रीमन डायसन यांनी १९४९ मध्ये दाखवलं. आणि २००८ मध्ये संगणकावर अवकाश-काळाची जाळी मांडून प्रोटॉनचं वस्तुमान थेट सिद्धांतातून काही टक्क्यांच्या अचूकतेने काढलं गेलं, तेव्हा त्या गणितात पदांची मालिकाच नव्हती, मग त्या आतल्या रेषा तरी कुठून असणार?

आता व्याख्यात्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण मला तो वर्षानुवर्षं छळत आला आहे. ज्या गणितात हे कण आहेत, ते गणित मानवी इतिहासातल्या सर्वांत अचूक गणितांपैकी आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणाची २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी आणि सिद्धांताची किंमत एक लाख कोटीत एक भाग, इतक्या बारकाव्यापर्यंत जुळतात. असं उत्तर देणारी गोष्ट खोटी कशी? शिवाय इतिहास माझ्यासारख्यांना ताकीद देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे लोक म्हणत होते की अणू ही हिशेबाची सोय आहे, त्याला वस्तू समजू नका. लुडविग बोल्ट्झमन त्यांच्याशी आयुष्यभर भांडले. अणू जिंकले. मग आभासी कणाला 'हिशेबाची सोय' म्हणणारा मी आजचा माख नाही कशावरून?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तर त्याच इतिहासात आहे. ओस्टवाल्ड यांनी १९०९ मध्ये हार का मानली? जाँ पेरँ यांनी अणू मोजून दाखवले म्हणून. पाण्यात तरंगणाऱ्या कणांची थरथर, आकाशाचा निळेपणा, किरणोत्सर्ग, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटांनी गेलं तरी ठरावीक वस्तुमानातल्या रेणूंची संख्या तीच येत होती. रीत बदलली आणि आकडा बदलला नाही. वस्तू असण्याची कसोटी मला तरी हीच वाटते. आभासी कणांना ती लावून पाहा. हायड्रोजनच्या एका अणूत या क्षणी किती आभासी फोटॉन आहेत? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण रीत बदलली की आकडा बदलतो, एका रीतीत तर काही जातींचे फोटॉन मुळातच नसतात. माख यांची चूक अशी होती की त्यांनी मोजता येणाऱ्या गोष्टीला सोय म्हटलं. आपण त्याच्या उलट चूक करून सोयीला वस्तू म्हणायचं का? अचूकतेचं श्रेय सिद्धांताला आणि त्यातल्या क्षेत्रांना जातं. बेरीज बरोबर आली याचं श्रेय हातच्याला कुणी देत नाही.

आणखी एक मुद्दा याहून नाजूक आहे. खरा आणि आभासी यांच्यातली रेघ स्वच्छ नाही. दूरच्या ताऱ्यावरून निघून माझ्या डोळ्यात शिरलेला फोटॉनसुद्धा काटेकोर बोलायचं तर दोन टोकांमधली 'आतली रेषा' आहे. डब्ल्यू कणाचं उदाहरण तर अधिकच बोलकं. न्यूट्रॉनचा ऱ्हास होताना मध्ये डब्ल्यू येतो असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. तो न्यूट्रॉनपेक्षा सुमारे ८५ पट जड, म्हणजे तिथे तो फक्त आभासी असू शकतो. आणि १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये डब्ल्यू प्रत्यक्ष सापडला! काल आभासी होता, आज खरा निघाला, असं कुणी म्हणालं तर? मी म्हणेन की न्यूट्रॉनच्या ऱ्हासात पहिल्यापासून खरं होतं ते डब्ल्यूचं क्षेत्र. पुरेशी ऊर्जा ओतली तेव्हा त्या क्षेत्रात कण उठला, त्याचं वस्तुमान मोजता आलं, आणि ते प्रत्येक रीतीने तेच येतं. ताऱ्यावरून आलेला फोटॉन खऱ्या कणाच्या नियमाच्या इतका जवळ असतो की फरक मोजणं अशक्य. न्यूट्रॉनमधला डब्ल्यू त्या नियमापासून कोसभर लांब असतो. तिन्हीसांज असते हे मला मान्य आहे. तेवढ्यावरून दुपार आणि मध्यरात्र एक होत नाहीत.

इथपर्यंत वाचून अभियंत्यांच्या बाजूचे लोक खूश झाले असतील. त्यांना वाटेल, म्हणजे पोकळीत काही नाही, सगळी गणिताची करामत. इथे मात्र मी त्यांच्या पूर्ण विरोधात आहे, आणि कारण सांगायला मला सांगलीपासून फार लांब जायला नको. मिरजेत दीड शतकाहून अधिक काळ सतार आणि तंबोरे घडतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिरांच्या गल्लीत मी तासन्‌तास बसलो आहे. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत कारागीर जवारी लावतो. दोरा नेमक्या जागी बसला की खर्जाची तार छेडताच वर एक गंधार उमलतो. तंबोऱ्याला चार तारा: एक पंचमाची, दोन षड्जाच्या, एक खर्जाची. गंधाराची तार नाही. तरी गंधार ऐकू येतो, गवई त्यावर विसावतो, आणि यंत्र लावलं तर त्याची कंपनसंख्या खर्जाच्या बरोबर पाचपट भरते. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता कुणी म्हणालं की तंबोऱ्यात पाचवी, न दिसणारी तार आहे, तर ते चूक. कुणी म्हणालं की तारच नाही म्हणजे गंधार हा कानांचा भ्रम, तर तेही तितकंच चूक. गंधार खर्जाच्या सबंध कंपनात आहे. त्या कंपनाचे सुटे सूर पाडतो ते आपण, समजून घेण्यासाठी.

निर्वाताचं असंच आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्र सगळीकडे आहे, दिवा विझवला तरी आहे. क्वांटम नियमांनुसार ते कुठेही 'नक्की शून्य आणि नक्की स्तब्ध' असं एकाच वेळी असू शकत नाही. त्याच्या किमतींना एक किमान पसारा असतोच. या पसाऱ्याची खूण विलिस लॅम आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांना १९४७ मध्ये हायड्रोजनमध्ये सापडली. (हे रेदरफर्ड अमेरिकेतले, अणुकेंद्रवाले रदरफर्ड वेगळे.) डिरॅकच्या इलेक्ट्रॉनविषयीच्या सिद्धांताप्रमाणे ऊर्जेच्या ज्या दोन पातळ्या तंतोतंत एकत्र असायला हव्यात, त्यांच्यात सुमारे १,०५७ मेगाहर्ट्‌झचं अंतर निघालं. हान्स बेथे यांनी त्याच वर्षी परिषदेहून परतताना आगगाडीत हिशेब केला आणि १,०४० चा आकडा काढला. लक्षात घ्या, तेव्हा फाइनमनच्या आकृत्या प्रसिद्धच झाल्या नव्हत्या. आतल्या रेषा नव्हत्या, आकृत्या नव्हत्या, आणि परिणाम होता. गंधार होता, तार नव्हती. हेलियमचं घ्या. वातावरणाच्या साध्या दाबाला तो निरपेक्ष शून्याच्या कितीही जवळ नेला तरी गोठत नाही. घट्ट व्हायला सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो, कारण त्याचे हलके अणू सगळी उष्णता काढून घेतल्यावरही पुरते स्थिरावत नाहीत. ही धातूची पट्टी नाही, गणिताची करामत नाही. भांड्यातलं द्रव आहे.

मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र गुरुत्वलहरींच्या वेधशाळांतला आहे. लायगोच्या यंत्रात लेसरचा प्रकाश दोन भुजांतून पाठवून परत आणतात. ज्या बाजूने काहीच प्रकाश आत सोडलेला नसतो, त्या अंधाऱ्या बाजूने निर्वाताचा हा पसारा आत शिरतो आणि मोजणीत खरखर मिसळतो, हे १९८१ मध्ये कार्लटन केव्ह्‌ज यांनी दाखवलं. उपायही त्यातूनच निघाला. पसारा पुसता येत नाही, पण एका अंगाने दाबून दुसऱ्या अंगाने फुगू देता येतो. २०१९ पासून लायगो हा 'दाबलेला' निर्वात नियमित वापरते आणि त्यामुळे तिला आधीपेक्षा दूरच्या घटना ऐकू येतात. हिंगोलीत उभारल्या जाणाऱ्या वेधशाळेलाही याच खरखरीशी झुंजायचं आहे. अभियंत्यांना माझा प्रश्न आहे: जे मुळात नाही, ते एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं कसं?

कॅसिमिर परिणामाबद्दल दोन्ही बाजू घाईने बोलतात. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये सांगितलं की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. १९९७ मध्ये स्टीव्ह लामोरो यांनी ते चांगल्या अचूकतेने मोजलं. एक मायक्रोमीटर अंतराला हा दाब हवेच्या दाबाच्या साधारण आठ कोटींवा भाग इतका. व्याख्याते याला आभासी कणांचा धक्का म्हणाले. पण हेच बल पट्ट्यांमधल्या विद्युतभारांच्या परस्परांवरच्या ओढीतूनही काढता येतं. लिफशिट्झ यांनी १९५० च्या दशकात त्या वाटेने सिद्धांत मांडला, आणि रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की कॅसिमिरच्या सूत्रात विद्युतभार दिसत नाही, तो केवळ पट्ट्या आदर्श वाहक मानल्यामुळे. म्हणून निर्वाताच्या एकूण ऊर्जेचा पुरावा म्हणून हा प्रयोग पुढे करणं बरोबर नाही. तो फरक सांगतो: पट्ट्या जवळ असताना किती, लांब असताना किती.

आणि खरी अडचण या 'फरक' शब्दातच आहे. सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं ते विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या पुढे गेलं तेव्हा काय झालं ते कुणाला विसरता येणार नाही. पण ते फूट कुठल्या शून्यापासून मोजतात? समुद्रसपाटीपासून नाही, सांगली तर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून वर आहे. पुलाच्या पट्टीचं शून्य आपण ठरवलेलं आहे, आणि घरात पाणी शिरणार की नाही हे कळायला तेवढं पुरतं. प्रयोगशाळेतलं जवळजवळ सगळं भौतिकशास्त्र असंच पुलाच्या पट्टीवर चालतं. लॅमचं अंतर, कॅसिमिरचा दाब, सगळे फरक. एक गुरुत्वाकर्षण तेवढं फरकावर भागवत नाही. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात ऊर्जा जितकी आहे तितकी सगळी अवकाशाला वाकवते. तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची विचारली जाते.

ती विचारली की आपलं तोंड बंद होतं. क्षेत्रांच्या किमान ऊर्जेची सरधोपट बेरीज केली तर ती अनंत येते. गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम मर्यादेपाशी थांबवली, तर विश्वाच्या प्रसरणावरून काढलेल्या आकड्यापेक्षा ती एकावर सुमारे १२० शून्यं इतक्या पटीने जास्त भरते. वोल्फगांग पाउली यांनी पूर्वीच असा हिशेब केला होता असं सांगतात. अशा विश्वाचा पसारा चंद्रापर्यंतसुद्धा पोचला नसता, असं त्यांना आढळलं. १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे, आणि त्याच्या कारणाला आपण कृष्ण ऊर्जा म्हणतो. ती निर्वाताचीच ऊर्जा आहे का? असेलही. पण इतिहासात दोन्ही दाखले आहेत. युरेनसची चाल बिघडलेली दिसली तेव्हा लव्हेरिए यांनी न दिसणारा ग्रह गृहीत धरला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची चाल बिघडलेली दिसली तेव्हा १८५९ मध्ये त्यांनीच तसाच आणखी एक ग्रह गृहीत धरला, आणि तो कधीच सापडला नाही, कारण तिथे दुरुस्ती गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच करायची होती. ती १९१५ मध्ये आइन्स्टाइनने केली. कृष्ण ऊर्जा यातला कुठला दाखला आहे, ते ठरायचं आहे. ते ठरेपर्यंत निर्वाताच्या एकूण ऊर्जेचा आकडा ठामपणे सांगणाऱ्या माणसाकडे मी संशयानेच पाहीन, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

तिसऱ्या गृहस्थांशी मी थोडक्यात बोलतो. वैशेषिकांनी अभावाला पदार्थ मानलं, बौद्धांनी शून्यावर शतकानुशतकं विचार केला, आणि हा वारसा मला मोलाचा वाटतो. त्यांचे प्रश्न खोल होते आणि ते त्यांचे होते. त्यांच्या तोंडी १,०५७ मेगाहर्ट्‌झ घातल्याने त्यांचा मान वाढत नाही, उलट त्यांनी खरोखर काय विचारलं ते झाकलं जातं.

या बारकाव्यांनी काय फरक पडतो, असं मला एका मित्राने विचारलं. पडतो. दोन वर्षांपूर्वी जत भागात एका कार्यक्रमात 'पोकळीतून वीज' काढणारं यंत्र दाखवताना मी पाहिलं आहे. दाखवणारा माणूस कॅसिमिरचं नाव घेत होता, आभासी कणांचं नाव घेत होता, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यांना म्हैसाळ योजनेचं पाणी उचलायला विजेचं बिल किती येतं ते पाठ होतं. त्यांना हे यंत्र का भुरळ घालणार नाही? निसर्ग ऊर्जा उसनी देतो हे आम्हीच शिकवलं. मग उसनी आणून परत न करणारा कुणीतरी निघणारच. निर्वात ही सर्वांत खालची पायरी आहे, आणि तळाच्या खाली पाणी सोडायला जागा नसली की पाणचक्की फिरत नाही, हे एवढं जर आम्ही शिकवलं असतं, तर त्या माणसाला त्या मांडवात उभं राहणं अवघड गेलं असतं.

व्याख्यानानंतर आठवड्याभराने ती मुलगी मला भेटली. मी तिला हे सगळं सांगितलं आणि म्हणालो की 'आभासी' हा शब्दच मला पटत नाही. दहावीत आरशातली आभासी प्रतिमा शिकताना तो चालतो; इथे त्याने अर्ध्या लोकांना भुतं दिसतात आणि अर्ध्यांना थाप दिसते. माझ्यापुरतं मी 'हातचे कण' म्हणतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण सर, हातचे घेत घेत बेरीज कधीतरी संपते. ही तर संपतच नाही ना?" आक्षेप बिनतोड होता. मी तिला डायसन यांचा १९५२ चा युक्तिवाद सांगितला: ही मालिका अनंतापर्यंत मिळवत गेलं तर उत्तर कुठेच ठरत नाही. पहिली काही पदं आपल्याला उत्तराच्या अधिकाधिक जवळ नेतात, आणि शंभराच्या पुढे कुठेतरी तीच पदं उलटी दूर न्यायला लागतात. तिने विचारलं, कुठे थांबायचं ते कसं कळतं. मग आम्ही वही उघडली.